वॉर्डातील बगीच्यांचा आराखडा करताना

पश्चिम इंदूरमधील आमच्या वॉर्डात लहानमोठे असे अनेक बगीचे आहेत. त्यांच्या सुधारणेचा आराखडा रहिवाशांनी स्वतः तयार करून पार्षदांमार्फत, म्हणजे नगरसेवकांमार्फत, नगर निगमच्या उद्यान विभागाकडे द्यावा, असे दोन वर्षांपूर्वी ठरले. त्याआधीही बगीच्यांसाठी निधी येत असे आणि तो खर्चही होत असे. एखाद्या वर्षी एका बगीच्यात कारंजे बसे, पुढच्या वर्षी दुसऱ्यात ओपन जिमची यंत्रे येत, कधी तिसऱ्याच्या कुंपणाला रंग लागे. मात्र कारंजे बंद पडल्यावर त्याच्या हौदात पालापाचोळा साचू लागला आणि व्यायामाच्या यंत्रांखाली पावसाळ्यात इतका चिखल होऊ लागला की, चार महिने तिकडे कोणी फिरकेनासे झाले. रहवासी संघाच्या बैठकीत पार्षदांनी आपल्याला काय काय हवे ते लिहून मागितले, तेव्हा आमच्यापैकी काही जणांनी यादी देण्याऐवजी आराखडा देण्यासाठी मुदत मागून घेतली. मी महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झालेली असल्यामुळे नकाशे आणि नोंदी यांचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

उपाय सुचवण्याआधी जागा पायी हिंडून पाहावी, हा विचार इंदूरला नवीन नाही. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी या शहराचा जो अहवाल तयार केला, तो 1918 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. बडोदा आणि ग्वाल्हेरचे लष्कर या संस्थानी शहरांसाठीही त्यांनी त्याच सुमारास अहवाल लिहिले होते. प्लेगच्या दिवसांत त्यांनी इंदुरात दिवाळीची मिरवणूक काढली, तिच्यात प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृती होती आणि सफाई कामगारांना मानाने चालवले होते, ही हकीकत जुन्या इंदूरकरांना ऐकून माहीत आहे. मला मात्र त्यांच्या कामाचा क्रम अधिक महत्त्वाचा वाटतो. गल्लीबोळ, विहिरी, झाडे आणि नदीकाठ स्वतः पाहायचे, लोक त्यांचा उपयोग कसा करतात हे समजून घ्यायचे आणि मगच, जे चांगले चालले आहे त्याला धक्का न लावता, नेमका बदल सुचवायचा, अशी त्यांची रीत होती. आमच्या समितीतील सर्वांनी ही रीत पाळायची, हे पहिल्याच बैठकीत मी आग्रहाने मांडले आणि ते मान्य झाले.

सुरुवात नकाशाने झाली. केंद्र सरकारच्या 2014 च्या नगरविकास मार्गदर्शक तत्त्वांमध्ये दरडोई 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे, आणि साधारण पाच हजार वस्तीमागे अर्ध्या हेक्टरचा तर पंधरा हजार वस्तीमागे एक हेक्टरचा बगीचा असावा असा हिशेब दिला आहे. जुन्या, दाट वसलेल्या वॉर्डात हे प्रमाण गाठण्यासाठी नवी जमीन आणायची कोठून, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला आणि आहे ती जागा कोणाच्या पायांच्या आवाक्यात आहे हे पाहिले. प्रत्येक बगीच्याच्या फाटकापासून पाच मिनिटे चालून जेथवर पोहोचता येते, तेथवर नकाशावर रेघ आखली. वॉर्डाची बेरीज कागदावर जरी समाधानकारक दिसत असली, तरी मुख्य रस्त्यापलीकडच्या दोन वस्त्यांतील मुलांना भरधाव वाहतूक ओलांडल्याशिवाय एकाही बगीच्यात पोहोचता येत नाही, हे या रेघांमुळे उघड झाले. त्या वस्त्यांच्या मधोमध पाण्याच्या टाकीच्या आवारात एक रिकामी, कुंपण घातलेली पट्टी होती. तिचे नाव कोणत्याही बगीच्याच्या यादीत नव्हते. आमच्या आराखड्यातील पहिली मागणी त्या पट्टीची होती आणि ती नकाशामुळेच सुचली.

त्यानंतर निरीक्षणाचे काम सुरू झाले. महाविद्यालयात शिकणारी मुले, निवृत्त मंडळी आणि काही गृहिणी यांनी वेळा वाटून घेतल्या आणि पहाटेपासून रात्री फाटक बंद होईपर्यंत कोण येते, कोठे बसते, काय करते आणि किती वेळ थांबते याच्या नोंदी केल्या. कामाचे दिवस, रविवार, ऐन उन्हाळा आणि भर पाऊस अशा सर्व वेळा त्यांत याव्यात, याची काळजी घेतली. बगीचा म्हणजे सकाळी चालणारे ज्येष्ठ आणि संध्याकाळी खेळणारी मुले, असे चित्र आम्हा सर्वांच्या मनात होते. प्रत्यक्षात दुपारी बारा ते चार या वेळात, जेव्हा बगीचे रिकामे असतात असे गृहीत धरून काही ठिकाणी फाटकाला कुलूप लावले जाई, तेव्हा घरकाम करणाऱ्या बाया दोन घरांच्या कामांमध्ये डबा खाण्यासाठी येत होत्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी करंजाच्या सावलीत पुस्तके उघडून बसत होते आणि घरपोच सामान पोहोचवणारे तरुण गाडी फाटकाशी लावून पंधरा मिनिटे पाठ टेकत होते. यांपैकी कोणीही रहवासी संघाच्या बैठकीला आलेले नव्हते आणि येण्याची शक्यताही नव्हती. त्यांना काय हवे, असे आम्ही जागेवर जाऊन विचारले, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगितल्या: पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह. बैठकीत आलेल्या लेखी सूचनांत कारंजे, सेल्फी पॉइंट आणि संगीताचे स्पीकर होते. या दोन गोष्टी कोणीच लिहिल्या नव्हत्या, कारण लिहिणाऱ्यांची घरे बगीच्यापासून चार पावलांवर होती.

नोंदींतील आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. सहा-सात वर्षांच्या मुली झोपाळ्यावर मुलांच्या बरोबरीने दिसत होत्या. अकरा-बारा वर्षांपुढच्या मुली मात्र जवळजवळ नव्हत्याच. मधले सगळे मैदान क्रिकेट खेळणाऱ्या मुलांकडे होते. त्या मुलांचा त्यात दोष नाही, त्यांनाही दुसरी जागा नाही. व्हिएन्ना शहरात 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या अभ्यासात हेच आढळले होते की, साधारण नऊ वर्षांच्या वयानंतर सार्वजनिक बागांतील मुलींची संख्या झपाट्याने कमी होते. तेथे 1999 मध्ये दोन बागांची रचना बदलून वाटा वाढवल्या, मोठ्या मैदानाचे लहान भाग पाडले आणि व्हॉलीबॉल, बॅडमिंटन यांची सोय केली, त्यानंतर मुली परत येऊ लागल्या. आमच्या वॉर्डातील शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या मदतीने आम्ही आठवी-नववीच्या मुलींशी स्वतंत्रपणे बोललो. एकीने सांगितले, "काकू, खेळायला आवडतं, पण चेंडू लागला तर आमच्यावरच ओरडतात, आणि बसायला गेलं तर सगळी बाकं वाटेकडे तोंड करून आहेत, येणारा-जाणारा बघतच जातो." बाकांची दिशा हा आराखड्याचा विषय होऊ शकतो, हे त्या मुलीमुळे माझ्या ध्यानात आले. आम्ही मैदानाच्या पूर्वेकडच्या बाजूला बॅडमिंटनची दोन आंगणे आणि त्यांच्या कडेने परस्परांकडे तोंड असलेली बाके सुचवली. ही जागा रस्त्यावरून नीट दिसावी म्हणून कुंपणालगतची उंच मेंदी कमरेइतकी छाटावी, असेही लिहिले, कारण आडोसा आणि सुरक्षितता यांचे गणित मुलींना आमच्यापेक्षा चांगले कळते आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितले होते.

फाटकांचा प्रश्न असाच पाहण्यातून समोर आला. मोकाट गुरे आत शिरू नयेत म्हणून बहुतेक बगीच्यांना वळणदार, अरुंद लोखंडी फाटके बसवलेली आहेत. इंदूरच्या रस्त्यांवरून मोकाट गुरे हटून बरीच वर्षे झाली, पण फाटके तशीच राहिली. एका सकाळी मी नोंदवही घेऊन बसले असताना वॉकर घेऊन चालणाऱ्या एक आजी सुनेबरोबर आल्या. वॉकर वळणात अडकला, तेव्हा सुनेने तो डोक्यावरून पलीकडे दिला, आजींनी दोन्ही हातांनी गज धरून, एकेक पाऊल सरकवत ते वळण पार केले आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा वॉकर हातात घेतला. हे त्या रोज करतात, असे सुनेने सांगितले. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला तर तेवढेही शक्य नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आणि त्यासोबतची सुगम्यतेची मानके पाहता, फाटकाची मोकळी रुंदी किमान 90 सेंटीमीटर आणि उताराचे प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी, असायला हवे. आम्ही प्रत्येक फाटक टेपने मोजले आणि मोजमाप छायाचित्रासह जोडले. हा खर्च अगदी थोडा आहे आणि तो सर्वांत आधी व्हावा, असे मला आजही वाटते.

आराखड्याचा गाभा मात्र माती आणि पाणी हाच ठरला. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीतील चिकणमातीचा हा स्वभावच आहे आणि भूगोलाच्या वर्गात मी तो वर्षानुवर्षे शिकवला आहे. तिच्यावर थेट वाळू पसरून पेव्हर ब्लॉक बसवले की दोन पावसाळ्यांत वाट उंचसखल होते, ब्लॉकच्या कडा वर येतात आणि ज्येष्ठ मंडळी त्यांनाच ठेचकाळतात. जुलैतल्या एका मोठ्या सरीनंतर आमचा माळी मला सर्वांत मोठ्या बगीच्यात घेऊन गेला. तो निमाडकडचा आहे, लहानपणापासून शेतीत राबलेला. त्याने बांबूची काठी वाटेच्या कडेला खुपसली, ती वीतभर सहज आत गेली. मग मधल्या उंचवट्यावर खुपसली, तेथे ती अडली. पाणी कोठून येते आणि कोठे थांबते हे त्याने मला काठीने रेघा ओढून दाखवले. नव्या रस्त्याची उंची वाढल्यामुळे रस्त्यावरचे पाणी फाटकातून आत येत होते, वाटेच्या सिमेंटच्या कडेमुळे अडत होते आणि नेमके झोपाळ्यांखाली साचत होते. आम्ही त्या रेघांवर चुन्याची फक्की टाकली, मी त्यांची मापे घेतली आणि तोच आमच्या निचऱ्याच्या नकाशाचा पाया झाला. बगीच्याची सर्वांत बारीक माहिती ज्या माणसाकडे होती, त्याला त्यापूर्वी कोणत्याही बैठकीत बोलावलेले नव्हते. पुढच्या प्रत्येक बैठकीत तो खुर्चीवर आमच्या शेजारी बसला.

वाटेखालची काळी माती ठरावीक खोलीपर्यंत काढून तेथे मुरूम दाबून भरावा, चालण्याची वाट पेव्हर ब्लॉकऐवजी दाबलेल्या मुरमाची व दगडी कचीची ठेवावी, तिला दोन्ही बाजूंना किंचित उतार देऊन कडेने उथळ चर काढावेत आणि चरांचे पाणी शोषखड्ड्यांत सोडावे, असे आम्ही लिहिले. मुरमाची वाट गुडघ्यांनाही सुखाची असते आणि बिघडली तर माळी स्वतः ती दुरुस्त करू शकतो. झोपाळे आणि घसरगुंडीखाली फरशीऐवजी फूटभर वाळू असावी, हा आग्रह आईवर्गाने धरला आणि तो योग्यच होता, कारण कठीण पृष्ठभागावर पडलेल्या मुलाला होणारी इजा अधिक गंभीर असते.

उन्हाळ्यातील पाण्याचा विचार करताना आम्हाला नर्मदेची आठवण ठेवणे भाग होते. 1978 पासून इंदूर सुमारे 70 किलोमीटर दूर असलेल्या जलूदहून नर्मदेचे पाणी उचलून आणते आणि ते घाट चढवून आणायला प्रचंड वीज लागते. असे पाणी हिरवळीवर फवारणे मला मान्य नाही. शहराला 2021 मध्ये वॉटर प्लस दर्जा मिळाला तो सांडपाण्यावरील प्रक्रियेमुळे, आणि कबीटखेडीच्या केंद्रासारख्या ठिकाणचे प्रक्रिया केलेले पाणी बागांना देता येते. म्हणून मोठ्या बगीच्यांना त्या पाण्याची जोडणी, लहानांना टँकर, झाडांना ठिबक आणि हिरवळीचे क्षेत्र निम्म्यावर, असा प्रस्ताव केला. हिरवळ कमी करण्यावर पुष्कळ वाद झाला. शेवटी ती मुलांच्या खेळाच्या आणि योगवर्गाच्या जागी ठेवली आणि उरलेल्या भागात कडुनिंब, करंज, कदंब, अर्जुन, बहावा अशी या मातीत टिकणारी झाडे व त्यांच्या पाल्याचे खत करण्याचे हौद सुचवले. झटपट हिरवे दिसण्यासाठी अनेक शहरांनी लावलेल्या कोनोकार्पसवर शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये बंदी घातली, हे मी बैठकीत सांगितले आणि त्या झाडाची मागणी मागे घेतली गेली. जुन्या झाडांच्या बुंध्यांशी भिडलेली फरशीही आम्ही नकाशावर लाल रंगाने दाखवली. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता, आणि तेच माप आम्ही येथे धरले.

एका बगीच्याच्या कोपऱ्यात चौथरा होता. जुन्या रहिवाशांपैकी एकांनी सांगितले की, त्याखाली विहीर आहे आणि त्यांच्या लहानपणी ती उघडी होती. 30 मार्च 2023 रोजी, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरातील बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात जुन्या बावडीवरची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवरची, फरशी खचून 36 माणसे गेली, हे इंदूरमधील कोणीही विसरलेले नाही. त्या चौथऱ्यावर संध्याकाळी मुले बसत होती. आराखड्याची वाट न पाहता आम्ही त्याच आठवड्यात झोनल कार्यालयात अर्ज दिला, तेथील अभियंता, म्हणजे उपयंत्री, येऊन पाहून गेले आणि चौथऱ्याभोवती तात्पुरते कुंपण लागले. विहीर मोकळी करून, गाळ काढून, उंच कठडा आणि भक्कम जाळी बसवून तिच्यात छतांवरचे पावसाचे पाणी सोडावे, असे आम्ही पुढे आराखड्यात लिहिले. ती पुन्हा फरशीखाली गाडावी, असे सुचवणारेही होते. त्यांची भीती खरी आहे, परंतु झाकलेली विहीर विसरली जाते आणि दिसणाऱ्या विहिरीची लोक काळजी घेतात, हे माझे ठाम मत मी तेथे मांडले.

सर्वांत कठीण बैठक जागेच्या मागणीवर झाली. एका बगीच्याच्या रस्त्याकडील भागात सभागृह बांधावे, लग्न-मुंजीची सोय होईल, अशी मागणी प्रतिष्ठित मंडळींनी केली आणि तिला बराच पाठिंबाही होता. मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निकालाविषयी सांगितले. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेली जमीन खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती, आणि मोकळी जागा ही रहिवाशांच्या आरोग्याची गरज आहे असे म्हणत न्यायालयाने ते देणे रद्द ठरवले. कायद्यापेक्षा आमच्या नोंदींचा परिणाम अधिक झाला. ज्या भागात सभागृह हवे होते, तेथेच दुपारची सगळी सावली होती. सभागृहाचा मुद्दा मतास टाकला नाही. तो मागणाऱ्यांनीच संघाच्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीची मागणी पुढे करून सोडून दिला. त्यांचा मान राखला गेला याचे मला समाधान आहे, कारण पुढे याच मंडळींनी अंदाजपत्रकाच्या कामात फार मदत केली.

अंदाजपत्रक शासकीय दरसूचीप्रमाणे उपयंत्र्यांनी केले. उपलब्ध निधीच्या मानाने रक्कम बरीच मोठी झाली, तेव्हा काय काढायचे हा प्रश्न आला. प्रवेशकमान, रंगीत दिवे आणि नवी यंत्रे काढली. निचरा, वाट, फाटके, कमी उंचीचे दिवे आणि स्वच्छतागृह राखले. बसवलेल्या वस्तूंइतकेच पैसे त्यांच्या देखभालीला लागतात, हे कागदावर यावे म्हणून कंत्राटात तीन वर्षांच्या देखभालीची आणि पूर्णवेळ माळ्याची अट घालावी, असे आम्ही सुचवले. सुरुवातीला ही अट बसत नाही असे सांगण्यात आले; पार्षदांनी पाठपुरावा केल्यावर ती पहिल्या बगीच्यापुरती मान्य झाली.

त्या बगीच्याचे चर आणि मुरमाची वाट गेल्या हिवाळ्यात तयार झाली आणि या पावसाळ्यात झोपाळ्यांखाली पाणी साचले नाही. फाटके रुंद झाली आहेत. पाण्याच्या टाकीजवळच्या पट्टीची मोजणी झाली असून तिच्या हस्तांतरणाची फाइल चालू आहे. बॅडमिंटनच्या आंगणांवरचे दिवे रात्री किती वाजेपर्यंत ठेवायचे, हे मुली आणि शेजारची कुटुंबे मिळून ठरवत आहेत. स्वच्छतागृहाच्या जागेवर मात्र अजून एकमत नाही. आम्ही ते फाटकाजवळ, उजेडात आणि रस्त्यावरून दिसेल असे सुचवले आहे, कारण मागच्या कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहात बायका जात नाहीत. फाटकासमोरच्या घरांचा याला विरोध आहे. पुढच्या रविवारी त्या घरांतील मंडळींना जागेवर बोलावून प्रत्यक्ष आखणी, वायुवीजनाची दिशा आणि सफाईचे वेळापत्रक दाखवायचे ठरले आहे, आणि दुपारी डबा खायला येणाऱ्या बायांपैकी दोघी त्या वेळी आमच्याबरोबर असतील.